वारेला बोट मिळते

लोकेशभाऊंचं मराठी फार शुद्ध आहे, हे आधीच सांगून टाकते. त्या शुद्ध मराठीपायी गेल्या पावसाळ्यात एका बाईचा जीव जायची वेळ आली होती, म्हणून ते सांगणं भाग आहे. लोकेशभाऊ एम. ए. मराठी आहेत आणि आमच्या मातृवाहिनी प्रकल्पात डेटा समन्वयक आहेत. प्रकल्पाचं कार्यालय नदीच्या पलीकडे, डांबरी रस्त्यावर, पंख्याखाली. आम्ही नदीच्या अलीकडे, वेलमगुड्यात. आम्ही इकडून जे लिहून पाठवतो ते लोकेशभाऊ तिकडे तपासतात, ‘मले’चं ‘मला’ करतात, ‘काऊन’चं ‘का’ करतात आणि मगच पुढे सोडतात. हे काम त्यांना कुणी दिलेलं नाही. ते मनापासून करतात, आणि मनापासून करणाऱ्या माणसाला थांबवणं फार कठीण जातं.

मी संघप्रिया. भद्रावतीची, ऑर्डनन्स फॅक्टरीच्या कॉलनीत वाढलेली, प्रयोगशाळा तंत्रज्ञ. वेलमगुड्याच्या दवाखान्यात दोन खाटा, एक लसींचा फ्रिज, रिना नावाची नर्स, बायनाबाई नावाची आशा कार्यकर्ती आणि मी. शिवाय प्रकल्पानं दिलेलं एक यंत्र आहे, मिक्सरएवढं. गरोदर बाईच्या रक्ताचा थेंब घातला की ते दोन प्रथिनं मोजतं.

आता हे नीट ऐका, कारण पुढचा सगळा गोंधळ यातूनच झाला. पोटातल्या बाळाला आईचं रक्त जिच्यातून मिळतं ती वार. बाळामागून बाहेर पडते ती. वाचणाऱ्यांना माहीत असेलच. लोकेशभाऊंना माहीत नव्हतं. ही वार एक प्रथिन सोडते. त्यानं रक्तवाहिन्या वाढतात, रुंद होतात आणि बाळाला भरपूर रक्त मिळतं. पण वार नीट रुजली नाही, तिलाच रक्त कमी पडलं, की ती दुसरं एक प्रथिन जास्त सोडायला लागते. हे दुसरं प्रथिन पहिल्याला वाटेतच धरून ठेवतं. पहिलं कामावर पोचतच नाही. मग आईचा रक्तदाब चढतो, अंग सुजतं, डोकं फुटायची वेळ येते, डोळ्यांपुढे ठिपके नाचतात आणि शेवटी झटके येतात. यंत्र दुसऱ्याला पहिल्यानं भागून आकडा देतं. आकडा पंच्याऐंशीच्या वर गेला की समजायचं, ही बाई इथे ठेवायची नाही.

या प्रथिनांची इंग्रजी नावं माझ्याच तोंडात बसेनात, तर बायनाबाईच्या कुठून बसणार? ती आठवी शिकलेली, बावीस वर्षं आशाचं काम केलेली. तिनं पहिल्याच दिवशी नावं बदलून टाकली. एक वाढवी आणि एक अडवी.

“म्हणजे म्याडम,” ती म्हणाली, “रस्त्याच्या कामावर मजूर निघाले, आन् वाटेत कोनीतरी त्याह्यले बसवून घेतलं. रस्ता होईन कसा?”

“तसंच, बाई.”

“मंग अडवी म्हणजे आपलं हापिस.”

मी तेव्हा हसले होते.

पावसाळ्यात आम्हाला पलीकडे जायला एकच साधन, प्रकल्पाची मोटारबोट. मागे कुणीतरी साहेबाच्या ओळखीनं ती बोट लग्नाचं वऱ्हाड न्यायला वापरली. बोट परत आली तेव्हा तिच्यात तीन नारळ आणि नवरदेवाचा एक बूट होता. त्यानंतर प्रकल्पानं इंजिनाला डिजिटल कुलूप बसवलं. प्रत्येक गरोदर बाईचा तपासणीचा एक वार ठरलेला. मोबाईलवरच्या ॲपमध्ये जो वार असेल त्याच वारी कुलूप उघडणार. कुलूप तोडलं तर इंजिन बंद पडतं. तसंच बनवलंय.

याला एकच अपवाद होता. संशोधनासाठी बाळंतिणीची वार नमुना म्हणून प्रयोगशाळेत पाठवायची असेल, तर कुलूप कोणत्याही वारी उघडतं. वार नाशवंत असते, ती सहा तासांत पोचायला हवी, असं नियमात लिहिलंय. बाई किती तासांत पोचायला हवी ते लिहिलेलं नाही.

हा अपवाद मला पाठ होता. का, ते पुढे येईलच.

सोमवारी बुधरी आली. सात किलोमीटर चालत, नवऱ्याबरोबर. नवरा लालसू. बुधरी तेवीस वर्षांची, पहिलटकरीण, आठवा महिना. इकडे ज्या वारी जन्म त्या वाराचं नाव ठेवायची रीत आहे, म्हणून बुधवारची ती बुधरी. तपासणीचा वारही तिनं बुधवारच मागून घेतला होता. पाय इतके सुजले होते की चपला लालसूच्या हातात होत्या. रिनानं रक्तदाब पाहिला, दीडशेवर शंभर. मी रक्त घेतलं. यंत्रानं वीस मिनिटं घुरघुर केली आणि आकडा दाखवला, एकशे बारा.

मी पाण्याच्या टाकीवर चढले. आमच्याकडे ॲपपुरतं नेट दवाखान्यात मिळतं, पण बोलायला फोन लागतो तो टाकीच्या शिडीच्या सातव्या पायरीवर. सहावीवर लागत नाही आणि आठवीवर तेलंगणाचा टॉवर पकडतो. पलीकडच्या रुग्णालयातले डॉक्टर राजदीप यांना आकडा सांगितला.

“आज पाणी चढलेलं आहे, बोट घालू नका,” ते म्हणाले. “आज तिला गोळी द्या, नजरेआड करू नका. उद्या पाणी उतरेल. उद्याच आणा. बुधवारी वरच्या धरणाचं पाणी सोडणार आहेत, मग आठवडाभर नदी कुणाला येऊ देणार नाही. मंगळवार हा एकच दिवस आहे, संघप्रिया. शेऱ्यात लिहून टाका, म्हणजे कार्यालय उद्याचा वार देईल आणि ते कुलूप उघडेल.”

मी सातव्या पायरीवर उभी राहूनच शेरा लिहिला. ‘वार नीट रुजली नाही. रक्तवाहिन्या वाढल्या नाहीत. आकडा ११२. ताबडतोब हलवा.’

आमच्या प्रकल्पात साध्या इंजेक्शनच्या सुयांना उत्तर यायला तीन आठवडे लागतात. या शेऱ्याला सात मिनिटांत उत्तर आलं.

‘आपल्या नोंदीतील लिंगाची चूक दुरुस्त केली आहे. “वार नीट जुळला नाही” असे वाचावे. विनंतीनुसार वार ताबडतोब हलवला आहे. जुना वार: बुधवार. नवा वार: शनिवार. शुभेच्छा.’

मी ते तीनदा वाचलं. मग खाली उतरले आणि बायनाबाईला वाचून दाखवलं. तिनं पदर तोंडाला लावला. हसत होती की काय करत होती ते कळेना. मग म्हणाली, “याह्यनं वार हलवला. पोरीले नाई हलवलं.”

मी परत चढून फोन लावला, तर कार्यालय सुटलं होतं.

मंगळवारी सकाळी पाणी खरंच उतरलं. बोट काठाला बांधलेली, झाडूभाऊ नावेवाले तिच्यात बसून तंबाखू मळत होते, आणि इंजिनावर लाल दिवा लागलेला होता. आत बुधरीचा रक्तदाब एकशे साठवर एकशे दहा झाला होता. ती दोन्ही हातांनी डोकं धरून “तल्ला, तल्ला” म्हणत होती. तल्ला म्हणजे डोकं, एवढं माडिया मला येतं. रिनानं डॉक्टरांना विचारून झटके येऊ नयेत म्हणून द्यायचं इंजेक्शन दिलं. “याने थोडा वेळ मिळतो,” ती म्हणाली, “जास्त नाई.”

लालसू म्हणाला, माझा डोंगा आहे, वल्ह्याचा. झाडूभाऊंनी नदीकडे पाहिलं आणि मान हलवली. “मधली धार डोंग्यानं नाई होत, लालसू. दोघंबी जाल.”

मी टाकीवर चढले. लोकेशभाऊंनी पहिल्याच घंटीला फोन उचलला.

“भाऊ, वार खराब आहे.”

“शनिवार?” ते म्हणाले. “मी पंचांग पाहूनच दिला आहे. अमावास्या नाही, काही नाही.”

“भाऊ, शनिवारचं नाही बोलत. बुधरीची वार. ती पोटात आहे.”

“कोणाच्या पोटात?”

“बुधरीच्याच.”

पलीकडे पेन चालल्याचा आवाज आला. “बुधवार बुधरीच्या पोटात आहे,” ते सावकाश म्हणाले. “मॅडम, हे मी कोणत्या रकान्यात भरू?”

“वार म्हणजे दिवस नाही हो, भाऊ.”

“वार म्हणजे दिवस नाही, असं तुम्ही एम. ए. झालेल्या माणसाला सांगता आहात. आणि तो पुल्लिंगी आहे. ‘वार रुजली’ असं कोणी म्हणत नाही. तुमच्या भागात म्हणत असतील.”

मला रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि सातव्या पायरीवर दोन्ही एकदम करायला जागा नसते. “मग रक्तवाहिन्या वाढल्या नाहीत, याचा तुम्ही काय अर्थ लावला?”

“सरळ आहे. रक्ताचे नमुने वाहून नेणाऱ्या गाड्या. त्या वाढल्या नाहीत, म्हणून बुधवारी जमत नाही, म्हणून वार जुळला नाही, म्हणून हलवा. वाक्य व्यवस्थित लागतं.”

आणि खरं सांगते, लागत होतं. त्याचाच मला जास्त राग आला.

“भाऊ, तुमच्या घरी म्हशी आहेत?”

“आईच्या आहेत, गावी. का?”

“म्हैस व्याली की रेडकामागून काय पडतं?”

“जार.”

“आणि बाई बाळंत झाली की?”

टाकीखाली बायनाबाई वर बघत उभी होती.

“अरे बापा,” लोकेशभाऊ म्हणाले. आवाज एकदम वेगळा झाला होता. “ताई, म्या वार शनिवारी हलवली. तुम्ही मले काऊन नाई सांगतलं?”

“सांगितलं होतं, भाऊ. तुम्ही सुधारलं.”

“थांबा. मी आताच्या आता मंगळवार करतो.” खटखट आवाज आले. मग थांबले. “ताई, होऊन नाई राह्यलं. एकदा हलवलेला वार चार दिवस हलत नाई. लोकं सारखे वार बदलतात म्हणून म्याच अर्ज करून तसं करून घेतलं होतं.”

“साहेबांना विचारा.”

“साहेब नागपुरात कार्यशाळेत हायेत. फोन बाहेर जमा केले सगळ्याह्यचे.”

“कसली कार्यशाळा?”

“वेळेचं महत्त्व,” ते हळूच म्हणाले.

मी शिडीला धरून उभी राहिले. तिथून दवाखान्याचं छप्पर दिसत होतं, त्यामागे नदी, आणि बोटीवरचा तो लाल ठिपका. आणि मला दिव्या आठवली. आठवली म्हणजे ती रोजच आठवते. त्या वेळी तिचं सगळं प्रकरण क्रमानं आठवलं.

त्याच्या आदल्या वर्षी जुलैत दिव्या आमच्या दवाखान्यात दगावली. एकोणीस वर्षांची. तेव्हा यंत्र नव्हतं. तिचंही डोकं असंच दुखत होतं, तिचाही वार ठरलेला होता आणि तो दोन दिवसांवर होता. झटके आले. बाळ मेलेलंच आलं आणि तासाभरात तीही गेली. मग मी, याच हातांनी, तिची वार निळ्या डब्यात घातली, बर्फात ठेवली आणि ॲपवर नोंद केली, कारण नियम तसा होता आणि मला दुसरं काही सुचत नव्हतं. कुलूप सात मिनिटांत उघडलं. दिव्याची वार बोटीनं पलीकडे गेली. दिव्या इकडेच राहिली.

“भाऊ,” मी म्हणाले, “वारेला बोट मिळते ना?”

“कोणत्या वाराले?”

“वाराला नाही. वारेला. नमुन्याला.”

“मिळते. कवाबी मिळते. पन ताई, नमुना तर अजून...”

“नमुना डब्यात आहे, भाऊ. डबा मी पाठवते.”

मी फोन ठेवला आणि तिथेच फॉर्म उघडला. नमुन्याचा प्रकार: वार. नग: एक. पॅकिंगचा प्रकार: प्लॅस्टिक डबा, पिशवी, इतर. मी ‘इतर’ निवडलं. पुढे चौकट आली: ‘कृपया वर्णन करा.’ मी लिहिलं: बाई.

यात एकही शब्द खोटा नव्हता. फॅक्टरीत वडील मालाच्या पेट्या तपासून सोडायचे. ते म्हणायचे, पेटीवर जे लिहिलंय तेच आत असलं पाहिजे, बाकी सगळं पुढचं पुढे. आत वार होती. मी स्वतः तिचा आकडा काढला होता.

खाली आले तर पुढची अट दिसली. नमुन्याला लेबल चिकटवून फोटो पाठवायचा होता आणि सोबतच्या पेटीचं तापमान आठ अंशांच्या खाली हवं होतं. रिनानं लसींच्या फ्रिजमधून बर्फाच्या वड्या काढून पेटीत भरल्या. मी लेबल छापलं. त्याच्यावर बारकोड होता आणि खाली ‘नाशवंत. उलटे धरू नये. उन्हात ठेवू नये.’ ते बुधरीच्या पोटावर, लुगड्यावरून चिकटवलं.

बुधरीनं एक डोळा उघडून पाहिलं आणि बायनाबाईला काहीतरी विचारलं. बायनाबाईनं बराच वेळ समजावलं. बुधरीनं पुन्हा काहीतरी विचारलं.

“काय म्हणते?”

“इचारते, डब्याले बोलता येते का? म्या म्हटलं, नदी पार होईपर्यंत नको बोलू.”

मी फोटो पाठवला. ॲपनं तो परत केला. ‘छायाचित्रात मानवी चेहरा आढळला. कृपया फक्त डबा दाखवा.’

माझं डोकं इतकं तापलं की तो मोबाईल नदीत भिरकावून द्यावासा वाटला. मग मी गुडघ्यावर बसले आणि फक्त पोटाचा फोटो काढला. या वेळी घेतला. ‘इतर’ प्रकारचं पॅकिंग डेटा समन्वयकाकडे पडताळणीसाठी जातं, असा संदेश आला.

आम्ही वाट पाहत बसलो. बुधरीनं लालसूचा अंगठा धरला होता. लालसू तिच्याकडे बघत नव्हता, लेबलाकडे बघत होता. त्याला वाचता येत नाही. मला वाटलं, लोकेशभाऊ घाबरले तर? नोकरीचा विचार करून शनिवारची वाट पाहायला सांगितली तर? शुद्ध मराठीचा माणूस, ‘डबा: बाई’ हे त्याला कसं सोसवणार? मला खरंच भीती वाटत होती.

चौथ्या मिनिटाला मोबाईल वाजला.

‘नमुना: वार. डबा: बाई. लिंग तपासले. बरोबर आहे. मंजूर.’

नदीवरून झाडूभाऊंची हाक आली. लाल दिवा हिरवा झाला होता.

बोटीत एक नमुना, एक तंत्रज्ञ आणि बर्फ, एवढ्यालाच परवानगी होती. मग लालसू आणि बायनाबाई यांची नोंद मी बर्फ म्हणून केली, दोन नग. झाडूभाऊंनी पावती वाचली, बुधरीकडे पाहिलं आणि डोक्यावरचा रुमाल काढून पुन्हा बांधला.

“नमुना उभा ठेवाचा का आडवा?”

“डाव्या कुशीवर, भाऊ.”

“आन् बर्फ?”

“बर्फाला त्याच्या उशाशी बसू द्या.”

मधल्या धारेत बोट हलली तेव्हा लालसूनं बुधरीच्या पोटावर हात ठेवला, लेबल धरून. ते निघून येऊ नये म्हणून असावं. बायनाबाई मोठ्यानं वाढवीला शिव्या देत होती, काम कर म्हणून, आणि अडवीला तिच्याहून मोठ्या शिव्या देत होती. तेवढा वेळ बोटीत शासकीय काम चाललंय असं वाटतच नव्हतं.

पलीकडे रुग्णवाहिका उभी होती. डॉक्टर राजदीप यांनी संध्याकाळी ऑपरेशन केलं. मुलगी झाली, चौदाशे पन्नास ग्रॅमची. रडली, पण पावशेर आवाजात. मग डॉक्टरांनी ट्रेमध्ये वार आणून दाखवली. वार चांगली भाकरीएवढी असते. ही जेमतेम पुरीएवढी, मधे मधे पांढरी पडलेली, जिथे रक्त कधी पोचलंच नव्हतं. “इतक्यावर या पोरीनं आठ महिने काढले,” डॉक्टर म्हणाले. “आता वार बाहेर आली. अडवी बंद होईल. दोन-तीन दिवस लक्ष ठेवायचं.” मी त्यांना नावं सांगितली होती, त्यांना ती पसंत पडली होती.

मी तिथेच भिंतीला टेकून उभी होते, तेव्हा मागून कुणीतरी खाकरलं. लोकेशभाऊ. कार्यालयातून मोटरसायकलवर आले होते, हेल्मेट काखेत. मला वाटलं होतं त्याहून वयानं बरेच लहान होते. त्यांनी ट्रेकडे बोट केलं.

“ही काय ताई?”

“ही.”

ते वाकून बघत राहिले. घाबरले नाहीत, नाकाला रुमालही लावला नाही. “मले वाटलं नव्हतं एवढी लहान असन,” ते म्हणाले. आणि मग तिथल्या बाकावर बसून या माणसानं हेल्मेटमध्ये तोंड घालून रडून घेतलं. मला त्यांचा राग होता. त्या संध्याकाळी तो बराचसा गेला, सगळा नाही.

बुधरीचा रक्तदाब तिसऱ्या दिवशी उतरला. बाळाला वजन भरेपर्यंत काचेच्या पेटीत ठेवायचं होतं, म्हणून बुधरी तिथेच राहिली. मुलगी मंगळवारची, म्हणून लालसूनं तिचं नाव मंगरी ठेवलं. वार मात्र त्याला घरामागे पुरायची होती. प्रयोगशाळेनं तिचा बोटभर तुकडा ठेवून बाकीची त्याला परत दिली. आता डब्याची गरज होती तेव्हा डबा कुणाकडे नव्हता. बायनाबाईनं स्वतःचा जेवणाचा दिला, आणि लालसू घरी जाईपर्यंत तो प्रयोगशाळेच्या फ्रिजमध्ये राहिला.

आठव्या दिवशी नदी उतरली, बायनाबाई आणि मी वेलमगुड्यात परतलो, आणि त्याच दिवसापासून ॲपचे संदेश सुरू झाले. ‘डबा परत आलेला नाही. डबा रिकामा, स्वच्छ धुतलेला व सुस्थितीत परत करावा.’ रोज सकाळी नऊ वाजता. पंधराव्या दिवशी ‘डबा हरवल्यास कारण द्यावे.’ विसाव्या दिवशी ‘डबा परत न केल्यास यापुढे डबा मिळणार नाही.’ हे वाचून बायनाबाई म्हणाली, यापुढचा डबा आपण जत्रेतून आणू.

नोंदवहीत प्रत्येक नमुन्याची एक ओळ असते. बुधरीच्या ओळीच्या वरतीच दिव्याची ओळ आहे. तिच्यात ‘डबा परत’च्या रकान्यात माझ्या अक्षरात लिहिलंय: होय. निळा, प्लॅस्टिक, धुतलेला. परतल्यापासून मी रोज ती वही उघडत होते आणि वरची ओळ वाचून बंद करत होते.

सत्ताविसाव्या दिवशी, पाणी उतरलेलं असताना, बोट काठाला लागली. लालसू आधी उतरला, बायनाबाईचा डबा घेऊन. मग बुधरी उतरली. पायात चपला होत्या. छातीशी फडक्यात गुंडाळलेली मंगरी होती, दोन किलोची, आणि तिचा आवाज आता अर्ध्या गावाला ऐकू जाईल असा झाला होता. बुधरी दवाखान्यात आली, माझ्या टेबलासमोर उभी राहिली आणि तिला शिकवून ठेवल्यासारखं मराठीत म्हणाली, “डबा आला, म्याडम.”

मी बायनाबाईकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर बघत होती.

मी वही उघडली नाही, सरळ ॲपच उघडलं. मध्यंतरी कुणीतरी फॉर्म सुधारला होता. आता त्यात दोन रकाने होते, ‘वार (तो)’ आणि ‘वार (ती)’. पहिल्यात मी मंगळवार भरला, दुसऱ्यात वजन, दोनशे नव्वद ग्रॅम. मग ‘डबा परत’च्या रकान्यात लिहिलं: ‘होय. धुतलेला. रिकामा नाही, छातीशी मुलगी आहे. डबा स्वतः चालत आला.’ आणि पाठवून दिलं.

सात मिनिटांत नोंद तपासून परत आली. एका शब्दाखाली लाल रेघ होती आणि तो दुरुस्त केलेला होता. एम. ए. झालेल्या माणसानं, पूर्ण शुद्धीत, खाली आपली सही करून, लिहिलं होतं:

‘डबा स्वतः चालत आली. तपासले. बरोबर आहे.’